चिमणीचं गाव उल्म

पाच माणसं आणि तिकीट एक, हे काकांना काही केल्या पटेना. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचं दिवसभराचं तिकीट पाच जणांपर्यंत चालतं, आयसीईसारख्या जलद गाड्या सोडून राज्यातल्या साध्या गाड्यांत कुठेही बसा, हे मी स्टुटगार्ट स्थानकावर दोनदा सांगितलं. तरी मध्य रेल्वेत गार्ड म्हणून आयुष्य काढलेला माणूस तो कागद उलटसुलट करून बघतच होता. खाली पाचही नावं लिहावी लागतात म्हटल्यावर त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सुवाच्य अक्षरात नावं भरली. मावशी, काका, नाशिकची माझी रूममेट, वर्गातली एक जर्मन मैत्रीण आणि मी. एप्रिलमधला शनिवार होता. सोमवारी मला असाइनमेंट द्यायची होती, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

जर्मनीत शिकणाऱ्या मुलांकडे घरचे आले की ठरलेल्या जागा असतात. म्युनिक, ब्लॅक फॉरेस्टमधली कोकीळ-घड्याळं, जमलं तर नॉयश्वानस्टाइनचा किल्ला. उल्मला कुणी मुद्दाम जात नाही. स्टुटगार्टहून साध्या गाडीनं तासाभराच्या आसपास, आणि त्यातला घाट बघण्यासारखा. २०२२च्या डिसेंबरपासून जलद गाड्या नव्या मार्गानं, बोगद्यांतून जातात. साधी गाडी मात्र अजून गाइसलिंगनच्या जुन्या घाटानंच चढते. १८५० साली झालेला हा मार्ग; चढ साधारण पंचेचाळीस मीटरला एक मीटर. जड मालगाड्यांना इथे आजही मागून इंजिन लावतात. हे ऐकल्यावर काका खिडकीला चिकटले ते घाट संपेपर्यंत. "म्हणजे बँकर! कर्जतसारखंच की." आपला बोरघाट १८६३चा, चढ सदतिसाला एक. घाट मोठा कुणाचा, हा प्रश्न त्यांच्यापुरता तिथेच निकालात निघाला.

स्थानकातून बाहेर पडून बाजाराच्या रस्त्यानं चालत गेलं की घरांच्या मधून एकाएकी म्युन्स्टर या चर्चचा मनोरा समोर उभा राहतो. मान मागे टाकून बघावं लागतं. उंची १६१.५३ मीटर. १८९०पासून जगातलं सर्वांत उंच चर्च हा मान उल्मकडे होता. ऑक्टोबर २०२५मध्ये बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियानं तो घेतला. मैत्रिणीचे आजी-आजोबा उल्मजवळचे. तिला विचारलं, वाईट वाटलं का? ती म्हणाली, "त्यांचं अजून बांधून व्हायचंय. आमचं झालंय."

त्या 'झालंय'ला वेळ किती लागला, ते ऐकून मावशी एकदम खूश झाली. पायाभरणी १३७७ची. इथे बिशप नव्हता, राजाचा पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढून बांधायला घेतलेलं हे चर्च. गावची वस्ती दहा हजारांच्या आसपास आणि चर्च वीस हजार माणसं मावतील एवढं! १५४३मध्ये काम थांबलं, आणि पुढची तीनशे वर्षं मनोरा अर्धवटच राहिला. पूर्ण झाला तो १८९०मध्ये, ५१३ वर्षांनी. मावशीच्या पुण्यातल्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट नऊ वर्षं रखडलंय. "आता मी बिल्डरला काही बोलणार नाही," ती म्हणाली.

मनोऱ्याला एकूण ७६८ पायऱ्या. आम्ही गेलो तेव्हा वरचा टप्पा बंद होता. रूममेट आणि मी १०२ मीटरवरच्या कठड्यापर्यंत चढलो. दगडी चक्री जिना इतका अरुंद, की उतरणारा माणूस आला की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. गुडघे दुखणाऱ्यांनी हा नाद करू नये. खाली मावशी-काकांनी जे पाहिलं तेच खरं तर जास्त मोलाचं. योर्ग झ्युरलिन या सुतारानं १४६९ ते १४७४ या काळात कोरलेली ओकची आसनं. आसनांच्या कडेला संतांऐवजी बसलेत पायथागोरस, सिसेरो, टॉलेमी. पायथागोरसच्या हातात तंतुवाद्य आहे, बोटं तारांवर, आणि चेहरा सूर लावून बघणाऱ्या माणसाचा. मावशीनं त्याच्या लाकडी मनगटावरची शीर मला बोट न लावता दाखवली.

आणि छपरावर चिमणी. उल्मच्या लोकांची गोष्ट अशी: चर्चसाठी आणलेलं भलंमोठं तुळईचं लाकूड गाडीवर आडवं ठेवलेलं, त्यामुळे वेशीतून आत जाईना. वेसच पाडायची ठरली. तेवढ्यात एक चिमणी घरट्यासाठी काडी घेऊन आली, काडी आडवी अडकली, तिनं ती उभी धरली आणि आत गेली. तेव्हा कुठे शहाण्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. शेजारपाजारच्या गावांनी ही गोष्ट उल्मच्या अकलेवर हसायला वापरली असणार. उल्मनं मात्र चिमणीच चर्चच्या छपरावर बसवली. आज ती दुकानांच्या काचांत आहे, पावाच्या आकारात आहे, आणि गावच्या फुटबॉल संघालाही लोक 'चिमण्या' म्हणतात. आम्ही दुपारी कॅझे-श्पेट्झले खाल्ले, म्हणजे चीज आणि तळलेला कांदा घातलेल्या मऊ शेवया. त्यातल्या 'श्पेट्झले'चाही अर्थ छोट्या चिमण्या असाच सांगतात. शाकाहारी काकांनी आधी हे ऐकून ताट दूर सारलं होतं.

हसं झालेली माणसंही हे गाव जपून ठेवतं. आल्ब्रेख्ट बेर्ब्लिंगर हा इथला शिंपी. शिवणकामात त्याचं मन नव्हतं. युद्धात पाय गमावलेल्यांसाठी त्यानं कृत्रिम पाय तयार केला होता. मग पंखांच्या मागे लागला. १८११च्या मे महिन्यात व्युर्टेम्बर्गचा राजा गावात आला, तेव्हा त्याच्यासमोर उडायचं ठरलं. पंख मोडल्याचं सांगून शिंप्यानं उड्डाण पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशी, ३१ मेला, नदीकाठच्या तटबंदीवरून त्यानं उडी घेतली आणि थेट डॅन्यूबमध्ये पडला. कोळ्यांनी बाहेर काढलं. गिऱ्हाईक तुटलं, १८२९मध्ये तो गरिबीत मेला. पुढे १९८६मध्ये त्याच्या यंत्राची प्रतिकृती उडवून पाहिली, तेव्हा कळलं की पंखांत खोट नव्हती. नदीच्या थंड पाण्यावर हवा वर उचलत नाही, खाली बसते. त्या जागेनं त्याचा घात केला. त्याच्या जन्माला अडीचशे वर्षं झाली म्हणून तटबंदीवर नदीकडे झुकलेला एक मनोरा उभारलाय. त्या टोकाला उभं राहिलं की पोटात गोळा येतो. समोरचा काठ म्हणजे नॉय-उल्म, वेगळं गाव आणि वेगळं राज्य, बव्हेरिया.

आइन्स्टाइनचा जन्म इथला, १४ मार्च १८७९चा, पण दीडेक वर्षातच कुटुंब म्युनिकला गेलं. त्याच्या नावाचा रस्ता होता, १९३३मध्ये नाझींनी ते नाव काढलं. जन्मघर युद्धात गेलं. डिसेंबर १९४४च्या बॉम्बहल्ल्यात जुन्या गावाचा बहुतेक भाग जळाला आणि म्युन्स्टर मात्र उभं राहिलं. युद्धानंतर गावानं आइन्स्टाइनला मानद नागरिकत्व देऊ केलं, त्यानं नाकारलं. आता त्याच्या नावाचं जीभ बाहेर काढलेलं कारंजं आहे. पर्यटक तिथे फोटो काढतात, आम्हीही काढला.

मला विचाराल तर उल्मला जायचं ते सिंहमानवासाठी. मॅमथच्या हस्तिदंतात कोरलेली जेमतेम ३१ सेंटिमीटरची मूर्ती, वय सुमारे चाळीस हजार वर्षं. धड माणसाचं, डोकं गुहेतल्या सिंहाचं, दंडावर आडव्या रेघा. जवळच्या होलेनश्टाइन गुहेत १९३९च्या ऑगस्टमध्ये तिचे तुकडे सापडले, आठवड्याभरात महायुद्ध सुरू झालं, आणि तुकडे तीसेक वर्षं खोक्यांत पडून राहिले. संग्रहालयाच्या अंधाऱ्या दालनातल्या काचेपुढे काका थांबले आणि हळूच म्हणाले, "नृसिंह." संबंध काही नाही, असू शकत नाही, मधे हजारो वर्षं आणि हजारो मैल आहेत. पण मावशीचे हात आपोआप जोडले गेले होते, आणि मी तिला काही समजावत बसले नाही.

संध्याकाळी कोळीवाड्यात फिरलो. ब्लाऊ नदीच्या फाट्यांवर वाकलेली लाकडी घरं, त्यातलं एक तर इतकं कललेलं की त्याचं नावच 'वाकडं घर'. आत हॉटेल आहे. याच काठावरून पूर्वी सपाट तळाच्या लाकडी नावा माणसं आणि माल घेऊन व्हिएन्ना-हंगेरीकडे जायच्या. प्रवाहाविरुद्ध परत आणणं परवडत नसे, म्हणून तिकडेच मोडून लाकूड विकायचं. लोक त्यांना चेष्टेनं 'उल्मचं खोकं' म्हणत. तेच नाव आज अभिमानानं घेतात.

परतीच्या गाडीत काकांना एकदम सोन्थायमर आठवले. गुंथर सोन्थायमर, हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतले अभ्यासक. धनगरांच्या वाड्यांवर राहून त्यांनी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबावर १९७६मध्ये ग्रंथ लिहिला, वारीवर चित्रपट केला. काकांचं कुलदैवत खंडोबा, त्यामुळे हे नाव त्यांना तोंडपाठ. मी फोनवर पाहिलं. सोन्थायमरांचा जन्म १९३४चा, गाव उल्म. "आधी सांगायचं नाही का!" मावशी काकांवरच रागावली.

तुम्हाला जमलं तर जुलैमधल्या शेवटून दुसऱ्या सोमवारी जा. १३९७च्या सनदेला स्मरून महापौर त्या दिवशी शपथ घेतात, गरीब-श्रीमंत सर्वांशी सारखं वागण्याची. दुपारी सगळं गाव नावा, तराफे, टायरच्या ट्यूबा घेऊन डॅन्यूबमध्ये उतरतं आणि काठावरच्यांवरही पाणी उडवतं. चांगले कपडे घालून जाऊ नका.