कोयत्याला इंग्रजीत काय म्हणतात?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी पाथर्डी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवतो. तिसरी आणि चौथी माझ्याकडे. मला स्वतःला एबीसीडी भेटली ती पाचवीत. माझ्या मुलांना ती पहिलीतच भेटते, कारण 2000 सालच्या जूनपासून राज्यातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं. ‘आधी मराठी तरी नीट येऊ द्या,’ असं तेव्हा पुष्कळजण म्हणाले, आजही म्हणतात. त्या वादात मी शिरत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा आमचा एक साधा दिवस तेवढा सांगतो.

परिपाठ झाला, हजेरी घेतली. सुट्टीआधी दोन्ही वर्ग मिळून 31 मुलं होती, त्या दिवशी 19. आमच्याकडे हे नवीन नाही. राज्यातली सहकारी साखर कारखानदारी याच जिल्ह्यात, लोणीला, 1950 च्या सुमारास उभी राहिली. पण आमचा भाग कोरडवाहू. इथं ऊस पिकवणाऱ्यांपेक्षा तोडायला जाणारे जास्त. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणतात. उचल आधीच घेतलेली असते. गाडी आली की निघावंच लागतं, आणि परत यायचं ते उन्हाळ्यात.

पहिला तास वाचनाचा. बी-यू-टी ‘बट’ झालं. मग पी-यू-टी आलं आणि एका पोरानं खणखणीत आवाजात ‘पट’ वाचलं. मी म्हटलं, ‘पुट’. तो म्हणाला, ‘का?’ बरोबर विचारलं त्यानं. इंग्रजीत अक्षरं 26 आणि ध्वनी चाळीसच्या वर. एका अक्षराला दोन-तीन आवाज काढावेच लागतात. पण हे सांगितल्यावर मुलांचे चेहरे पडले. मग मी म्हटलं, ‘चहा म्हणा. आता चाक म्हणा. दोन्हीकडचा च सारखाच आहे का?’ मुलं दोन-तीनदा म्हणून पाहून हसायला लागली. आपलीही भाषा कुठे कुठे तोच खेळ खेळते, हे त्यांना पटलं. तरी पुढच्या ओळीत त्याच पोरानं पुन्हा ‘पट’ वाचलं! शिकवणं असंच असतं.

दुसरा तास मात्र रंगला. तीन मुलांच्या हातात तीन पाट्या दिल्या : ‘आय’, ‘भाकरी’, ‘ईट’. मराठीच्या रांगेत उभं राहा म्हटलं, तर ‘ईट’ शेवटी गेला, कारण आपलं क्रियापद शेवटी बसतं. इंग्रजीच्या रांगेत या म्हटल्यावर त्यानं धावत येऊन मधली जागा घेतली. हा नियम पुस्तकातून शिकवायला मला पूर्वी आठवडा लागायचा.

मग घरात बोलले जाणारे इंग्रजी शब्द विचारले. टँकर, पाइप, मोटार, बोअर, रिचार्ज, ट्रॅक्टर, डिझेल... फळा भरला. आपल्याला इंग्रजी येत नाही असं समजणाऱ्या मुलांना आपल्याकडे एवढी पुंजी आहे हे दिसलं, की त्यांची मान ताठ होते. ‘द’ कुठे लावायचा आणि ‘अ’ कुठे, ते नंतर बघता येतं.

खिचडीच्या सुट्टीत चौथीतल्या एका मुलीचे वडील आले. ‘गुरुजी, उद्या गाडी येती. दोघांबी पोरांना न्यावं लागल.’ मी म्हटलं, ‘दादा, आजी घरीच आहेत ना? पोरं त्यांच्याजवळ ठेवा. हंगामी वसतिगृहातून दोन्ही वेळच्या जेवणाची सोय होते.’ बराच वेळ बोललो. अखेर तिसरीतला मुलगा आजीजवळ ठेवायला ते तयार झाले. मुलीचं मात्र जमेना. ‘बारकं पोर फडात कोण सांभाळील?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिथं जाईल तिथल्या शाळेत दाखल करून घ्यावं म्हणून तिचं शिक्षण हमी कार्ड भरून दिलं, कारखान्याचं नाव लिहून घेतलं.

शेवटच्या तासाला तीच मुलगी उठून म्हणाली, ‘सर, कोयत्याला इंग्रजीत काय म्हणतात?’ फळ्यावरच्या यादीत तिच्या घरातली मुख्य वस्तूच नव्हती. मी घाईत ‘सिकल’ म्हणालो. ती म्हणाली, ‘सर, पुस्तकात सिकल म्हणजे विळा दिलाय. विळ्यानं ऊस तुटत नाय.’ वर्ग हसला, मीही हसलो. शब्दकोश काढला, मोबाइलवर चित्रं पाहिली आणि शब्द सापडला, ‘केन नाइफ’. फळ्यावर लिहिला. तिनं लगेच विचारलं, ‘नाइफच्या आधी के कशाला?’

हे मात्र मला ठाऊक होतं. फार पूर्वी इंग्रज लोक तो ‘क’ उच्चारत असत. पंधराव्या शतकात त्यांच्याकडे छापखाना आला, पुढे हळूहळू स्पेलिंग ठरून गेली. बोलणं मात्र बदलत राहिलं. ‘क’चा आवाज गेला, पण अक्षर जागेवर राहिलं. ‘म्हणजे नाव पटावर आहे, पण शाळेत येत नाय,’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाडी गेली. हजेरी घेताना मी तिचंही नाव घेतो. तिचा भाऊ म्हणतो, ‘सर, ती उन्हाळ्यात येणार आहे.’ नाव पटावर ठेवणं माझ्या हातात आहे. तो आवाज परत वर्गात आणणं मात्र एकट्या मास्तरच्या हातात नाही. त्याला गावही लागतं, मुकादमही लागतो, आणि ऐकणारे तुम्हीही.