पाळी सुटताना

सकाळी साडेसात. भिवंडीच्या शांतीनगरात यंत्रमागांचा खडखडाट चालूच असतो आणि आशाताईचा, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविकेचा, दिवस भिशीच्या दारात सुरू होतो. भिशी म्हणजे मागावरच्या कामगारांची खाणावळ. रात्रपाळीवाले टीबीचे रुग्ण जेवून झोपायच्या आत तिला गाठायचे असतात. दहा वाजता दार ठोठावलं तर बारा तास उभं राहून आलेल्या माणसाची झोप मोडते. तिने आपलं घड्याळ त्यांच्या पाळीला लावलंय, आणि तिच्या कामात मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

"खाना हुआ, भैया?" ती एवढंच विचारते. चारचौघांत टीबीचं नाव काढत नाही. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं. आजार कळला तर खोली जाते, कधी मागही. रुग्ण खिशातून गोळ्यांचं पाकीट काढतो, रिकाम्या खाचा ती डोळ्यांनीच मोजते. नव्या रुग्णाला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलेलं असतं: लघवी नारिंगी होईल, घाबरू नको, तो औषधाचा रंग आहे. हे कुणी आधी सांगितलं नाही, तर धास्तावलेला माणूस गोळ्याच सोडून देतो.

नऊला आरोग्य केंद्र, थुंकीच्या डब्या, लसीकरणाच्या याद्या. मग घरभेटी. बाळंतिणीकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जायचं, बाळाचं वजन करायचं. आतून सासूचा खोकला ऐकू आला की तिचीही चौकशी होते.

दुपारी दोन. टीबी रुग्णाच्या आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून मिळणारे महिना ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, पण कामगाराचं खातं बहुधा गावच्या बँकेत. भावाकडून पासबुकाचा फोटो मागवायचा, नाव आधारशी जुळवायचं. तिला स्वतःला एका रुग्णाचा सहा महिन्यांचा उपचार पुरा करून घेतल्याबद्दल मिळतात १००० रुपये, सगळे मिळून. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. मोबदला मात्र असा तुटपुंजा, हे मला बोचतं.

संध्याकाळी साडेसात. दिवसपाळी सुटते. जपायचं असतं ते तिसऱ्या महिन्यातल्या रुग्णाला. खोकला थांबलेला, भूक परतलेली, आता गोळ्या कशाला, असं त्याला वाटतं. शिवाय मजुरी मीटरवर. मळमळलं की मागावर उभं राहवत नाही, कापड कमी निघतं. हा हिशोब तिला ठाऊक आहे, म्हणून ती रागावत नाही. मळमळीवर काय करायचं ते डॉक्टरांना विचारून येते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्यापाशी बसते.

गव्हाच्या कापणीला गावी जाणार का, हेही ती होळीच्या आधीच विचारून ठेवते. जौनपूर असो की मधुबनी, निक्षय पोर्टलवर रुग्णाची नोंद तिथल्या केंद्राकडे पाठवता येते, वाटेतल्या दिवसांच्या गोळ्या बरोबर देता येतात. फक्त वेळेवर कळायला हवं. "टिकट निकालने से पहले मुझे बोलना," असं बजावून ती पुढच्या खोलीकडे वळते.