सुट्या भागांची ओळखपरेड

२०१६च्या फेब्रुवारीत एक आकडा जगभर गाजला : ५३. आयफोन ६चं होम बटण बिघडलं, मालकानं ते जवळच्या दुकानात बदलून घेतलं, फोन पुढे ठणठणीत चालला. मग त्यानं नवं आयओएस टाकलं. कॉम्प्युटरवर 'एरर ५३' उमटलं आणि फोन कायमचा आडवा. आतले फोटोही गेले.

कारण बटणातच होतं. टच आयडीचा, म्हणजे बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर कारखान्यात त्या एकाच फोनच्या प्रोसेसरमधल्या 'सिक्युअर एन्क्लेव्ह' या सुरक्षित कप्प्याशी जोडलेला असतो. दुसऱ्या आयफोनमधून काढलेलं अस्सल बटणही त्याला परकंच. खोटा सेन्सर लावून कुणी कुलूप फोडू नये, हे रास्त. पण मग ठशाची सोय तेवढी बंद करायची, अख्खा फोन कशाला मारायचा? ॲपलनं आधी सुरक्षेचं कारण दिलं. त्याच महिन्यात आयओएस ९.२.१ची दुरुस्त आवृत्ती काढताना माफी मागितली आणि ही तपासणी मुळात कारखान्यातली चाचणी होती, असं सांगितलं. फोन जिवंत झाले, टच आयडी नाही झाला. बाहेर दुरुस्ती केली म्हणजे हक्क संपला, असं किमान २७५ ग्राहकांना सांगितल्याबद्दल ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयानं २०१८ मध्ये ॲपलला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

त्यानंतर कंपनीनं फोन मारणं सोडलं आणि नावं ठेवायला सुरुवात केली. बॅटरी बदला, ती अस्सल असल्याची खात्री पटत नाही म्हणून सूचना येते. आयफोन ११पासून स्क्रीनचीही तीच गत. फोन चालतो, पण जुन्या आयओएसवर बॅटरी हेल्थचा आकडा किंवा ट्रू टोन (उजेडानुसार स्क्रीनचा रंग जुळवण्याची सोय) गायब होतो. ट्रू टोन परत आणायला कारागीर जुन्या स्क्रीनमधला डेटा 'प्रोग्रामर' यंत्रानं वाचून नव्या स्क्रीनवर चढवतात. तेव्हा फुटकी स्क्रीन काम होईपर्यंत फेकू देऊ नका.

खरी छळवादी तक्रार मात्र बिनआकड्याची. चार्जिंगची फ्लेक्स पट्टी बदलली. फोन उत्तम चालतो आणि दर तीन मिनिटांनी आपोआप रिस्टार्ट होतो. दुकानदार 'बोर्ड गेला' म्हणून मोकळा! बोर्ड बहुतेकदा शाबूत असतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग ॲनालिटिक्स, मग ॲनालिटिक्स डेटा उघडा. 'पॅनिक-फुल'नं सुरू होणाऱ्या फाइलमध्ये 'मिसिंग सेन्सर' असे शब्द असतील, त्यांच्यापुढे गुन्हेगाराचं नाव असतं. बऱ्याच मॉडेलांत 'पीआरएस०' किंवा 'माइक१' दिसलं तर चार्जिंगच्या पट्टीकडे वळायचं, 'माइक२' दिसलं तर पॉवर बटणाच्या पट्टीकडे, 'टीजी०बी' दिसलं तर बॅटरीकडे. फोनचं तापमान सांभाळणारी यंत्रणा या सेन्सरांची हजेरी घेत राहते. कुणी 'हजर' म्हटलं नाही की १८० सेकंदांनी फोन स्वतःलाच रिस्टार्ट करतो. स्वस्त पट्टीवर कधी तो सेन्सरच नसतो, कधी कनेक्टर अर्धवट बसलेला असतो. म्हणून आधी कनेक्टर काढून, साफ करून नीट दाबायचा. तरी भागलं नाही तर चांगल्या दर्जाची पट्टी टाकायची. बोर्डाला हात लावायची वेळ शेवटी.

२०२४ मध्ये आयओएस १८सोबत 'रिपेअर असिस्टंट' आला. आयफोन १२पासून पुढच्या फोनांत जुन्या आयफोनमधून काढलेले काही अस्सल भाग आता घरबसल्या जुळवता येतात. पण ज्या फोनातून भाग काढला, त्याला मूळ मालकाचं ॲक्टिव्हेशन लॉक असेल तर ही जुळवणी होत नाही. सेकंडहँड स्क्रीन घेताना भावाआधी हे विचारा.