लॅपटॉपचा आवाज सुधारावा कसा ?

रत्नागिरीच्या दक्षिणेस मुचकुंदी नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें टेकडीवर पूर्णगडचा लहानसा किल्ला उभा आहे. ध्वनीचा पहिला धडा अशा किनाऱ्यावर निसर्गच शिकवितो. लाटांची गंभीर गाज घरांच्या आडूनही ऐकूं येते. होडींतून मारलेल्या हांकेंतील शब्द मात्र वाऱ्यांत विरून जातात. खालचे स्वर अडथळ्यांस वळसा घालतात. शब्दांना आकार देणारे बारीक ध्वनि वाटेंतच अडतात.

लॅपटॉप संगणकापाशीं आवाजाची तक्रार दुहेरी असते. गाणें पोकळ वाटतें आणि बोलणें अस्पष्ट येतें. दर सेकंदास १०० कंपनें असलेल्या स्वराची एक लहर हवेंत सुमारें ३.४ मीटर लांब असते. ती जोरानें उठविण्यास बरीच हवा हलवावी लागते. लॅपटॉपमधील इवल्याशा पडद्यास तें साधत नाहीं. तरीही तंबोऱ्याची खर्जाची तार त्यावर ओळखूं येते, कारण तिचे वरचे उपस्वर पोहोंचले, कीं मूळ स्वराची उणीव श्रवणशक्ति आपण होऊन भरून काढते. डग्ग्याचा घुमारा मात्र अशा तऱ्हेनें पुरता भरून येत नाहीं.

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. पुष्कळ लॅपटॉपांचे स्पीकर तळाशीं असतात. असें यंत्र गादीवर किंवा गोधडीवर ठेवल्यास त्याचें तोंडच दाबलें जातें आणि प्रथम व्यंजनें बुडतात. तेंच लांकडी टेबलावर ठेवल्यास आवाज टेबलावरून परतून समोर येतो. मागें भिंत जवळ असली, तर खालच्या स्वरांस थोडें बळ मिळतें. ऐकणाऱ्यानें जवळ बसावें. मोकळ्या जागीं अंतर दुप्पट झालें, कीं आवाजाची तीव्रता चौथाईवर येते.

खोलीचाही विचार हवा. गुळगुळीत गिलावा केलेल्या भिंती आणि खालीं उघडी फरशी असली, कीं प्रतिध्वनि शब्दांवर शब्द चढवितो. एक सतरंजी, जाड पडदा किंवा पुस्तकांनी भरलेलें कपाट एवढ्यानेंही फरक पडतो. आषाढांत कौलांवर पाऊस कोसळत असतां मात्र आवाज चढविण्यापेक्षां हेडफोन लावणें शहाणपणाचें.

यंत्रांतील इक्वलायझरनें स्वरांचें प्रमाण बदलतां येतें. परंतु लहान स्पीकरवर खालचे स्वर फार वाढविल्यास तो फाटका आवाज काढूं लागतो. वाढविण्यापेक्षां नको तो स्वर कमी करणें बरें. शंभर टक्क्यांच्या पुढें आवाज नेणाऱ्या योजनांनी लहरींचे माथे छाटले जातात. आवाज मोठा होतो, पण स्वच्छ होत नाहीं.

खरा घुमारा हवा असेल, तर बाहेरचा, पेटींत बसविलेला स्पीकरच हवा. घरांतील संगीतयंत्रास बाहेरून आवाज घेण्याचें छिद्र असल्यास एका तारेनें काम भागतें. ब्लूटूथनें तार वांचते, पण संवादाच्या वेळीं ओंठ व शब्द यांत अंतर पडूं शकतें. जोडणींत घूं घूं ऐकूं आल्यास चार्जर क्षणभर काढून पाहावा. घूं घूं थांबली, तर दोष विजेच्या जोडणींत शोधावा. त्यासाठीं प्लगची अर्थिंगची पिन कधींही तोडूं नये. समुद्राकाठीं खाऱ्या हवेनें जोडण्या गंजतात. त्या कोरड्या ठेवाव्या.

या साऱ्याचें महत्त्व केवळ गाण्यापुरतें नाहीं. कोंकणांतील कित्येक घरांत मुंबईस किंवा परदेशीं गेलेल्या मुलांचा आवाज याच यंत्रांतून येतो. उतारवयांत वरचे ध्वनि प्रथम कमी ऐकूं येतात. स, त, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख त्यांवरच अवलंबून असते. आजीस बोलणें ऐकूं येतें, पण शब्द उमगत नाहींत, तो हा प्रकार. तेथें घुमारा वाढवून उपयोग नाहीं. वरचे स्वर किंचित् उचलावे आणि यंत्र तिच्या समोर आणावें. हेडफोन लावणाऱ्या तरुणांनीही मर्यादा पाळावी. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांस आठवड्यांत ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा घातली आहे. मोठा आवाज कानावर आदळतो. स्वच्छ आवाज मनापर्यंत पोहोंचतो.