पोटाचे चौकोन आणि पाठीचा कणा

रविवारची सकाळ होती. आमच्या शेजारच्या चाळीतील एका घरात बापलेकांचा वाद रंगला होता. मुलगा एकोणीस वर्षांचा, नुकताच एका दुकानात कामाला लागलेला. त्याला जिमची तीन महिन्यांची फी आणि पावडरचा डबा यासाठी पैसे हवे होते. वडील बाजारात गोणी वाहणारे. कंबर धरल्यामुळे पंधरा दिवस अंथरुणाला खिळलेले. "या वयात पोटाला चौकोन पडले नाहीत तर कधी पडणार?" हा मुलाचा सवाल. "चौकोनावर घर चालतं का रे?" हा वडिलांचा सवाल.

आम्ही दाराशी उभे राहून ऐकत होतो. मनात आले, दोघेही पोटाच्या त्याच स्नायूंविषयी भांडत आहेत आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. ज्या पोटाला मुलगा आरशात न्याहाळतो, तेच पोट सैल पडल्याने बापाची कंबर उघडी पडली होती. म्हणून आज या विषयावर चार शब्द.

चौकोन येतात कुठून?

२००७ साली 'ओम शांती ओम' या चित्रपटात शाहरुख खानने आणि २००८ साली 'गजनी'त आमिर खानने उघडे पोट दाखविले आणि वस्तीवस्तीतील पोरांना 'सिक्स पॅक'चे वेड लागले. पण हे चौकोन कोणी जिममध्ये तयार करीत नाही. ते आपल्या प्रत्येकाच्या पोटात जन्मापासून असतात. छातीच्या खालून ओटीपोटापर्यंत स्नायूंचे दोन उभे पट्टे जातात. त्यांना मधेमधे आडव्या चिवट दोऱ्यांनी बांधल्यासारखे असते. त्या बांधणीमुळे चौकोन दिसतात. कोणाला चार, कोणाला सहा, कोणाला आठ. ही संख्या जन्मजात असते, व्यायामाने बदलत नाही. व्यायामाने पट्टे जाड होतात, एवढेच.

मग ते दिसत का नाहीत? वर चरबीची चादर असते म्हणून. आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. रोज दोनशे सिटअप्स मारल्याने पोटावरचीच चरबी वितळते, हा समज खोटा आहे. चरबी उतरते ती साऱ्या अंगाची, आणि कोठली आधी उतरेल हे शरीर ठरवते. पडद्यावरचा नट कित्येकदा चित्रीकरणाआधी पाणी आणि मीठ कमी करून, दिव्यांच्या खास उजेडात उभा राहतो. ते रूप त्याचेही बारा महिने टिकत नाही. तेव्हा आपल्या पोराने त्यासाठी जिवाचा आटापिटा का करावा?

पोट म्हणजे कमरेचा पट्टा

आता बापाच्या बाजूने पाहू. हमाल बांधव ओझे उचलण्याआधी कमरेला फडके किंवा पट्टा आवळून बांधतात. निसर्गाने असाच एक पट्टा प्रत्येकाच्या पोटात दिलेला आहे. चौकोनांच्या खाली, सर्वांत आतला आडवा स्नायू पोटाला वेढून मागे पाठीपर्यंत जातो. बाजूला तिरके स्नायू, मागे मणक्यांना धरून ठेवणारे छोटे स्नायू, वर श्वासाचा पडदा आणि खाली ओटीपोटाचा तळ. या साऱ्यांची मिळून एक बंद पेटी होते. ही पेटी घट्ट असली की वजन मणक्यांवर एकट्यावर पडत नाही.

ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ साली एक गोष्ट दाखवून दिली. निरोगी माणूस हात हलवितो, त्याच्या क्षणभर आधीच हा आतला पट्टा आवळला जातो. ज्यांना कंबरदुखी आहे, त्यांचा पट्टा उशिरा जागा होतो. म्हणजे पहारेकरी आहे, पण चोर गेल्यावर उठतो!

कोणी म्हणेल, "आम्ही दिवसभर ओझी उचलतो, आम्हाला आणखी व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण काम आणि व्यायाम यांत फरक आहे. कामात एकाच खांद्यावर, एकाच बाजूला, थकल्यावरही भार पडत राहतो. व्यायामात भार दोन्ही बाजूंना सारखा, बेताचा, आणि थकलो की थांबण्याची मुभा.

चटईवरचे तीन व्यायाम

त्या वडिलांना सरकारी दवाखान्यातील फिजिओथेरपीच्या ताईंनी तीन व्यायाम शिकविले. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात मणक्याचा अनेक वर्षे अभ्यास केलेले प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांनी हेच तीन सांगितले आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत एका चटईवर होतात, खर्च शून्य.

पहिला : पाठीवर झोपावे. एक गुडघा वाकवावा, दुसरा पाय सरळ. दोन्ही तळहात कमरेच्या पोकळीखाली ठेवावेत. कोणी पोटात गुद्दा मारणार आहे असे समजून पोट कडक करावे आणि डोके व खांदे जमिनीपासून जरासेच उचलावेत. मान वाकवू नये.

दुसरा : कुशीवर झोपून कोपरावर भार द्यावा. गुडघे वाकवून कंबर जमिनीवरून उचलावी. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत रेघ सरळ हवी. दोन्ही कुशींवर करावा. जमू लागले की पाय सरळ ठेवून करावा.

तिसरा : लहान मूल रांगते तसे हात आणि गुडघे टेकावेत. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करावा. मग उलट. पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तरी सांडू नये, इतकी पाठ स्थिर हवी.

प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंद थांबावे. श्वास रोखू नये. आधी सहा वेळा, मग थोडा विसावा घेऊन चार वेळा, मग दोन वेळा. पंधरा-वीस मिनिटांत सारे आटोपते. ज्यांची कंबर शाबूत आहे, त्यांनी पुढे तालमीतले जोर जरूर मारावेत. जोर मारताना पोट आपोआप आवळलेले राहते.

दुखत्या कमरेने सिटअप्स मात्र मारू नयेत. त्यात मणक्यांमधल्या गाद्या पुन्हा पुन्हा दाबल्या जातात. आणि पायाला मुंग्या येऊन बधिरपणा येत असेल, पायातील ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर व्यायाम नव्हे, ताबडतोब दवाखाना.

पहाटेचा हंडा

मायभगिनींसाठी एक खास गोष्ट. रात्रभर झोपेत मणक्यांच्या गाद्यांमध्ये पाणी भरते, त्या फुगून ताठ होतात. त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासात कमरेतून वाकणे सर्वांत धोक्याचे. आणि आपल्याकडे नळाला पाणी येते नेमके पहाटे! पाणी तर भरावेच लागणार. पण हंडा उचलताना गुडघ्यात वाकावे, हंडा पोटाजवळ घ्यावा, पोट आवळून मग उठावे. कमरेतून वाकून, वळून उचलू नये. घरातील पुरुषांनी त्या वेळी अंथरुणात लोळत न राहता दोन हंडे उचलले, तर तोही व्यायामच होय.

बाळंतपणात पोटाचे ते दोन उभे पट्टे एकमेकांपासून दूर सरकतात. बऱ्याच जणींचे काही महिन्यांत जवळ येतात, काहींचे येत नाहीत. उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा येत असेल तर सिटअप्स टाळावेत. कुशीवर वळून उठावे आणि डॉक्टरांना दाखवावे. पोट बांधल्याने आधार मिळतो, स्नायूला बळ येत नाही. सिझेरियन झालेल्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सुरुवात करू नये.

टेप आणि ताट

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांशी केली. हे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती. हातपाय काडीसारखे आणि पोट माठासारखे, हे आपल्याकडे जागोजागी दिसते, त्याचे मूळ असे आईच्या उदरापर्यंत जाते. म्हणून शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध माप घ्या. पुरुषाचे ९० आणि स्त्रीचे ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो. चौकोन दिसोत न दिसोत, हा आकडा सांभाळा.

स्नायूला प्रथिने लागतात. ती हरभऱ्यात, मुगात, शेंगदाण्यात आहेत, सुकट-बोंबलात आहेत. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम मिळतात. हजारोंच्या डब्याआधी ताट भरा. आणि कोणी "एक इंजेक्शन घे, महिन्यात बॉडी बनेल" म्हणाला, तर त्याच्या सावलीलाही उभे राहू नका. स्टेरॉईडने यकृत आणि हृदय बिघडते, पुरुषाचे वृषण आक्रसतात, पुढे मूल होण्यात अडचण येते. आईबापांनीही पोराला नुसते दटावू नये. व्यायामाची हौस चांगली आहे. तिला वाट दाखवावी.

त्या घरात पुढे काय झाले? वडील चटईवर दुसरा व्यायाम करीत होते, तेव्हा मुलगा हसला. वडील म्हणाले, "ये, तू करून दाखव." पाय सरळ ठेवून मुलगा कुशीवर उठला. पंधरा सेकंदांत त्याची कंबर थरथरू लागली आणि तो खाली बसला. वडील काही बोलले नाहीत, फक्त चटईवर थोडे सरकले.

आता संध्याकाळी दोघे एकत्र बसतात. पावडरचा डबा आला नाही. वडील दीड महिन्याने कामावर गेले. अजून पन्नास किलोची गोणी एकट्याने उचलत नाहीत, दुसऱ्याचा हात घेतात, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. जगभरच्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचविली आहे, हे आमच्या बांधवांनी ध्यानात ठेवावे.

आपल्या कष्टकरी घराचे भांडवल म्हणजे आपले शरीर. ते आरशासाठी नव्हे, उद्याच्या कामासाठी आणि म्हातारपणी ताठ चालण्यासाठी राखायचे आहे. आज रात्री जेवणाआधी चटई अंथरा. मुलांनाही सोबत घ्या.