दळणाचा डबा आणि दुखरी कंबर

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या गावात पिठाची गिरणी चालवणारे एक गृहस्थ तीन वर्षांपूर्वी दवाखान्यात आले ते भली मोठी पिशवी घेऊन. वय ४६. पिशवीत दोन एक्स-रे, मिरजेहून काढून आणलेला एमआरआय, सात-आठ चिठ्ठ्या, मलमांच्या ट्यूब आणि एक जुना, घामानं पिवळा पडलेला कमरेचा पट्टा. दुसरा पट्टा त्यांनी बांधलेलाच होता. खुर्चीत बसताना दोन्ही हातांनी टेबल धरलं आणि म्हणाले, "डॉक्टर, माझ्या मणक्यात गॅप आलाय. आता काय उरलं नाही कमरेत."

गिरणीत डबे उचलायला त्यांनी एक मुलगा ठेवला होता. त्याचा पगार भागवता भागवता महिन्याच्या शेवटी हातात फारसं काही राहत नव्हतं. मुलगा आला नाही की दहा-दहा किलोचे डबे वहिनी उचलत. हे काउंटरवर बसून पैसे घेत आणि खाली मान घालत. घरात गादी काढून फळीवर झोपत होते. पंगतीत मांडी घालून बसणं बंद, धाकट्या मुलीला कडेवर घेणं बंद. "वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, असं सांगितलंय ना," ते म्हणाले. मी विचारलं, कुणी सांगितलं? ते जरा चपापले. मग म्हणाले, "तुम्हीच."

खरं होतं. त्याच्या चार वर्षं आधी पोतं उचलताना त्यांना उसण भरली होती आणि मी तीन आठवडे सक्त विश्रांती लिहून दिली होती. शिवाय 'यापुढे वजन उचलू नका' हेही. आम्ही तेच शिकलो होतो. पण शिकलो ते जुनं झालं होतं, हे मला कळायला हवं होतं. १९८६ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. पाठ धरलेल्या रुग्णांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणात राहायला सांगितलं, काहींना सात दिवस. दोन्ही गटांत बरं होण्यात फरक पडला नाही. फरक पडला तो इतकाच, की दोन दिवसवाले कामावर लवकर परतले. १९९५ मध्ये हेलसिंकी शहराच्या नगरपालिका कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात तर ज्यांनी झोपून न राहता जमेल तसं रोजचं काम चालू ठेवलं तेच सगळ्यांत लवकर सावरले. अंथरुणात पडलेले सगळ्यांत मागे राहिले.

उसण भरल्यावर ते आधी एका पायाळू माणसाकडे पाय लावून घ्यायला गेले होते आणि दोन दिवसांत बरं वाटलं होतं, असं नंतर त्यांनी सांगितलं. यात हसण्यासारखं काही नाही. अचानक आलेली पाठदुखी बहुतेक वेळा काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या दिवसांत जो भेटेल त्याला श्रेय मिळतं. कधी पायाळूला, कधी इंजेक्शनला, कधी डॉक्टरला. म्हणून तर पाठदुखीवर इतके 'हमखास' इलाज आहेत. प्रश्न उरतो तो तीन महिन्यांनंतरही न गेलेल्या दुखण्याचा. त्यालाच वैद्यकशास्त्र जुनाट म्हणतं. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. माणसाला कामातून उठवणारा एवढा मोठा आजार दुसरा नाही.

आता त्या 'गॅप'बद्दल. मणक्यांमध्ये गॅप येते ही आपल्याकडची फार पसरलेली समजूत. खरं तर दोन मणक्यांमध्ये गॅप असायलाच हवी. तिथं गादी असते. वयानुसार गादीतलं पाणी कमी होतं, ती थोडी चपटी होते आणि एमआरआयवर काळी दिसते. रिपोर्टात त्याला 'डिजनरेशन', 'बल्ज' असे शब्द येतात आणि रुग्णाचं काळीज तिथंच खचतं. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. बाहेर फुगलेली गादी तर विशीतच ३० टक्क्यांना होती. यातल्या कुणालाही काही त्रास नव्हता. केस पांढरे होतात तसंच हे. पांढरे केस दिसले म्हणून डोकं त्यामुळेच दुखतं असं आपण म्हणत नाही.

एमआरआय निरुपयोगी आहे असं नव्हे. तो कधी काढायचा, हे ठरलेलं आहे. जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात पोहोचायचं. संध्याकाळी अंगात ताप आणि वजन उतरणं असेल तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयरोगाचा विचार करायलाच हवा. पूर्वी कर्करोग झालेला असेल, किंवा वयस्कर बाईला साध्या पडण्यानंतर पाठीत जोराची कळ आली असेल, तर तपासणी टाळू नये. आणि एक गट नेहमी सुटतो तो तरुण मुलांचा. पहाटे पाठ दुखून जाग येते, सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ आखडलेली असते, हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होते आणि आराम केला की वाढते, हे दुखणं महिनोन् महिने चालू असेल तर तो मणक्यांचा संधिवात असू शकतो. त्यावर आज चांगली औषधं आहेत, पण अनेक जण वर्षानुवर्षं 'बसून बसून दुखतंय' म्हणून बाम चोळत राहतात.

हे सगळं वगळल्यावर उरतात ते साधारण शंभरातले नव्वद. त्यांच्या दुखण्याला एक ठरावीक बिघाड दाखवता येत नाही. म्हणजे दुखणं खोटं का? आमच्या गिरणीवाल्यांनी हाच प्रश्न रागानं विचारला होता. "मग मी काय सोंग करतोय?"

उत्तर त्यांच्याच गिरणीत सापडलं. मोटारीच्या स्टार्टरला ओव्हरलोडची सेटिंग असते. भार जास्त झाला की तो ट्रिप होतो आणि मोटार वाचते. ही सेटिंग फार खाली आली तर? मोटार ठणठणीत, दळणही नेहमीचं, तरी स्टार्टर सारखा पडतो. जुनाट दुखण्यात मज्जासंस्थेचं काहीसं असंच होतं. इजा केव्हाच भरून आलेली असते, पण मेंदू आणि मज्जारज्जू धोक्याची सूचना देण्यात फार तत्पर होऊन बसतात. साधं वाकणंही त्यांना संकट वाटतं. वेदना शंभर टक्के खरी असते, फक्त ती 'आत काहीतरी मोडतंय' याची खूण नसते. सेटिंग खाली आणणाऱ्या गोष्टी कोणत्या? भीती, अपुरी झोप, ताण, आणि हालचाल टाळल्यामुळे दुबळे झालेले स्नायू. गिरणीच्या कर्जाचा हप्ता थकला त्याच महिन्यात त्यांची पाठ सगळ्यांत जास्त दुखली होती. हे त्यांच्या बायकोनं सांगितलं, त्यांनी नाही.

मग इलाज काय? जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या वाचताना मला त्या पिशवीची आठवण झाली. कमरेचे पट्टे नकोत. वजन लावून ओढणं, म्हणजे ट्रॅक्शन, नको. अल्ट्रासाउंडचा शेक आणि तारा लावून दिलेला 'करंट' नको. अफूच्या वर्गातली वेदनाशामकं नकोत. हवं काय, तर व्यायाम, दुखणं समजावून सांगणं, विचार आणि वागणुकीवर काम करणारे मानसोपचार, काही प्रमाणात मालिश आणि हातानं केलेले उपचार. सूज कमी करणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांना जागा आहे. पण त्या गरजेपुरत्याच घ्याव्यात. मूत्रपिंड आणि जठराचा हिशेब शेवटी आपल्यालाच द्यावा लागतो, आणि मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन् महिने खाणारे पुष्कळ आहेत. पायात उतरणाऱ्या कळेसाठी सर्रास लिहिलं जाणारं प्रीगॅबॅलिन २०१७ च्या एका चांगल्या चाचणीत साध्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. चक्कर मात्र जास्त आली.

फळीचंही तेच. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना कडक किंवा मध्यम कडक गादी देऊन पाहिलं. निष्कर्ष २००३ मध्ये आले. मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. हे ऐकून गिरणीवाल्यांनी त्याच रात्री गादी परत अंथरली. माझं एवढं एकच म्हणणं त्यांनी वाद न घालता मानलं.

बाकी सगळ्यावर वाद झाला. मी त्यांना गावातल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे पाठवलं, तर चार दिवसांनी तक्रार, "ती मशीनच लावत नाही. नुसती बोलते आणि उठाबशा काढायला लावते." तिनं त्यांना पहिला आठवडा फक्त घर ते गिरणी चालायला सांगितलं आणि चपलेचा पट्टा वाकून हातानं लावायला. दुसऱ्या आठवड्यापासून दोन किलोचा डबा जमिनीवरून उचलून ओट्यावर ठेवायचा, दहा वेळा. नंतर तीन किलो, चार किलो. नियम एकच: करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं नेहमीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं तर त्या आठवड्यात वजन वाढवायचं नाही. आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळी पोती उचलायची नाहीत. खरं तर हीच चूक जास्त जण करतात. एक दिवस पराक्रम, मग चार दिवस अंथरूण.

पाच किलोवर ते अडले. डबा हातात घेतला की श्वास रोखून धरायचे, पोट आवळायचे, चेहरा लाल. तिनं त्यांना डबा उचलताना मोठ्यानं गिऱ्हाइकाचं नाव आणि दळणाचं वजन बोलायला लावलं. बोलताना श्वास रोखता येत नाही. अंग सैल झालं आणि पाच किलो उचलले गेले. भीती धरून बसलेल्या हालचाली अशा हळूहळू सोडवणारी पद्धत ऑस्ट्रेलियात ४९२ रुग्णांवर तपासली गेली. २०२३ मध्ये तिचे निकाल आले आणि एक वर्षानंतरही तिचा फायदा टिकलेला होता. जुनाट पाठदुखीत इतका टिकणारा फायदा सहसा दिसत नाही.

चालण्याबद्दलही सांगायला हवं, कारण त्याला पैसे लागत नाहीत. ऑस्ट्रेलियातच नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ लोकांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत आणलं. २०२४ च्या निष्कर्षानुसार त्यांना दुखणं पुन्हा येईपर्यंत सरासरी २०८ दिवस गेले, न चालणाऱ्यांना ११२. दुखणं कायमचं थांबलं असं नाही. पण दोन दुखण्यांमधले मोकळे दिवस जवळपास दुप्पट झाले.

शस्त्रक्रियेचं विचारणारे बरेच असतात. गादी सरकून नस दबली, कळ पायात पोटरीपर्यंत उतरते, तेव्हा ऑपरेशनचा उपयोग होतो. वेदना लवकर थांबते. पण नेदरलँड्समधल्या २००७ च्या अभ्यासात लवकर ऑपरेशन केलेले आणि थांबून पाहिलेले रुग्ण वर्षअखेरीला जवळपास सारखेच बरे होते. सरकलेली गादी पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेतं. म्हणून पायातली ताकद जात नसेल तर दीड-दोन महिने थांबायला हरकत नसते. नुसत्या कंबरदुखीसाठी, पायात कळ नसताना ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं. तिथं विचारायचं, 'यानं मी काय करू शकेन, जे आज करू शकत नाही?' नीट उत्तर मिळालं नाही तर तिसऱ्याकडे जावं.

गिरणीवाल्यांना डबा दहा किलोपर्यंत न्यायला पाच महिने लागले. मधल्या काळात दिवाळीच्या आधी, भाजणीच्या गर्दीत, पाठ पुन्हा धरली. पूर्वीसारखी, अगदी खोकलाही काढता येईना अशी. फोन आला तेव्हा आवाजात तीच जुनी भीती होती. मी म्हटलं, झोपायचं नाही, घरातल्या घरात चाला, दोन दिवस गोळी घ्या, तिसऱ्या दिवशी दोन किलोपासून परत सुरू. आठव्या दिवशी ते गिरणीत होते. मागच्या वेळी याच दुखण्यानं त्यांना वर्षभर घरी बसवलं होतं.

कंबर अजून दुखते. आठवड्यातून एक-दोन दिवस, जास्त करून ज्या रात्री झोप झाली नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी. मुलगा अजून कामाला आहे, पण आता फक्त गर्दीच्या वेळी, संध्याकाळी. परवा रक्तदाब दाखवायला आले होते. धाकटी सोबत होती आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती 'घ्या ना' म्हणाली. ती आता दहा वर्षांची आहे, चांगली बत्तीस किलोची. "एवढी मोठी झालीस," असं म्हणत त्यांनी तिला दोन पायऱ्यांपुरतं उचललं, खाली ठेवलं आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले.