हिमोफिलियाच्या औषधाची शक्ती कशी तपासतात?
हिमोफिलिया ‘ए’च्या रुग्णाला शिरेतून दिल्या जाणाऱ्या ‘फॅक्टर ८’ या रक्त गोठवणाऱ्या घटकाची मात्रा वजनावर नव्हे, तर आंतरराष्ट्रीय एककांत ठरते. एक मिलिलिटर सामान्य रक्तद्रवात या घटकाची जेवढी क्रियाशीलता असते, ते एक एकक. साहजिकच ती तराजूवर कळत नाही. नोएडाच्या राष्ट्रीय जैविक संस्थानासारख्या प्रयोगशाळांत औषधाचा नमुना प्रमाणित नमुन्याशी ताडला जातो. एका पद्धतीत हा घटक नसलेल्या रक्तद्रवात नमुना मिसळून गुठळी होईपर्यंतचे सेकंद मोजतात. या सेकंदांवर बरेच अवलंबून आहे. दर किलो वजनामागे एक एकक दिल्यास रक्तातील पातळी सुमारे २ टक्क्यांनी वाढते, या हिशेबाने डॉक्टर मात्रा ठरवतात. कुपीत छापील आकड्यापेक्षा शक्ती कमी असल्यास, रुग्ण मुंबईचा असो वा तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडुचा, सांध्यातील रक्तस्राव लांबू शकतो.